चौदा पानं कोण वाचणार?

लश्कर, ग्वाल्हेर

प्रिय डॉक्टरीणबाई,

अनेक आशीर्वाद. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराच्या, उपचारांचा तुझा प्रोटोकॉल वाचला. चौदा पानं! संदर्भ चोख, तक्ते देखणे. पण जानेवारीतल्या रात्री दोन वाजता, बाहेर धुकं आणि खाटेवर धापा टाकणारा पेशंट, अशा वेळी ड्यूटीवरची सिस्टर सातवं पान उघडणार आहे का? एका कागदाच्या दोन बाजूंत बसव सगळं.

पहिली ओळ ऑक्सिजनची. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ८८ ते ९२ टक्के, त्याहून वर नको. टास्मानियातल्या २०१० सालच्या अभ्यासात अँब्युलन्समध्येच ऑक्सिजन असा मोजून दिला. सीओपीडीचं निदान पक्कं असलेल्या रुग्णांत भरपूर ऑक्सिजन मिळालेल्यांचे मृत्यू ९ टक्के होते, मोजून मिळालेल्यांचे २. मला हे आकड्यांच्या आधीच कळलं होतं. शिकाऊ असताना एका म्हाताऱ्याला मी रात्री पूर्ण ऑक्सिजन सोडला. ओठांचा निळेपणा गेला, आजोबा शांत झोपले, मी खूश. सकाळी हाका मारल्या तरी उठेनात. ती झोप नव्हतीच, कार्बन डायऑक्साइड साचला होता. वाचले बिचारे, पण माझ्यामुळे नव्हे.

म्हणून लगेच एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी. पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर असेल, तर बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं श्वास देणारं यंत्र. एबीजीचं मशीन बंद असलं तर नमुना कुठे धाडायचा, फोन कुणाला करायचा, हे कुठल्याच गाइडलाइनमध्ये नसतं. तुझ्या कागदावर हवंच.

स्टेरॉइड: प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, पाच दिवस. तू 'सात ते चौदा' लिहिलंयस, ते खोड. स्वित्झर्लंडमधल्या २०१३ च्या चाचणीत पाच दिवस चौदांपेक्षा उणे ठरले नाहीत. अँटिबायोटिकचा भाग ठीक आहे.

एका गोष्टीवर मात्र भांडणार आहे. तुझा पहिलाच चौकोन विचारतो, 'सिगारेट किती?' अगं, आपल्या वॉर्डातल्या अर्ध्या बायकांनी बिडीला हात लावलेला नसतो. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या त्या. घाटीगावच्या दगडखाणींकडून येणाऱ्यांच्या छातीत दगडाची धूळ, कुणाला जुना टीबी. फाइलवर मात्र दहा वर्षं 'दमा'. चूल, खाण, टीबी हे तिन्ही प्रश्न घाल. आणि पेशंट स्थिरावला की स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची श्वासाची तपासणी: श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध (ब्रॉन्कोडायलेटर) दिल्यावरही पहिल्या सेकंदातल्या फुंकरीचं एकूण फुंकरीशी गुणोत्तर ०.७ च्या खाली, तरच सीओपीडी म्हण.

डिस्चार्जला तू अर्धी ओळ दिलीस. मी अर्धं पान देईन. एक मावशी वारंवार भरती व्हायच्या. शेवटी सिस्टरनं विचारलं, 'दवा कैसे लेती हो?' मावशींनी रोटाहेलरची, म्हणजे पंपातून पूड ओढून घ्यायची, कॅप्सूल तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायल्या! आम्ही मात्र औषधं बदलत बसलो होतो. तेव्हा, घरी सोडण्याआधी पेशंटनं पंप स्वतः घेऊन दाखवायचा. 'आदत पड़ जाएगी' हे घरच्यांचं भय तिथंच काढायचं. पुढची तारीख चार आठवड्यांच्या आत, हातात लिहून.

आता छपाईची घाई करू नकोस. गेल्या हिवाळ्यातले वीस केसपेपर काढ आणि ऑक्सिजनचं लक्ष्य किती जणांच्या कागदावर लिहिलं होतं, ते मोज. तो आकडा घेऊन रविवारी ये. येताना वॉर्डातल्या सिस्टरलाही आण, नवा कागद तिच्याकडूनच वाचून घेऊ.

तुझे,
सर