हप्ते चालू आहेत, मुलांचे लहान झालेले कपडे विकतेय, ते पैसे कुठे घालू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी चिंचवडला राहते, मुलगा पाच वर्षांचा आणि मुलगी दोनची. मिस्टरांची नोकरी गेली होती तेव्हा सगळं घर क्रेडिट कार्डावर चाललं, अगदी किराणा सुद्धा, आणि 1,80,000 थकले. मग बँकेशी बोलून कार्डावरच 36 महिन्यांचे हप्ते करून घेतले, 16 टक्क्यांनी, महिन्याला 6,300 च्या वर जातात. आता नोकरी लागलीय पण पगार पहिल्यापेक्षा कमी आहे. घरात मुलांचे लहान झालेले कपडे गोण्या भरून पडलेत, काहींचे तर टॅग पण काढले नाहीत, ते मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि फेसबुकवर विकायला सुरुवात केलीय. सासूबाईंना आवडत नाही, म्हणतात लेकराच्या अंगावरचे कपडे विकू नयेत, द्यायचे तर असेच द्या. नणंद लंडनला असते ती म्हणते हप्ते बांधून घेतले असतील तर असे वरचे पैसे सांगावे लागतात. खरंय का? टॅक्स लागतो का? आणि आलेले पैसे सगळे कर्जात भरू का, कारण परवा त्यातून मुलाला शाळेचे बूट घेतले तर मला चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

उत्तर : बूट घेतलेस ते बरोबर केलंस, हे आधी सांगते मग बाकीचं. लहान झालेल्या कपड्यांचे पैसे मुलांच्या पुढच्या मापाच्या वस्तूत गेले तर त्यात चोरी कसली गं, उलट तेवढे पैसे पगारातून काढावे लागले नाहीत.

नणंदेचं म्हणणं तिकडच्या हिशोबाने खरं आहे. इंग्लंडमध्ये आयव्हीए म्हणून कायदेशीर करार असतो, त्यात माणसाचा जमाखर्च बघून हप्ता ठरवतात, म्हणून उत्पन्न वाढलं की कळवावं लागतं. तुझं तसं नाही, तू कार्डाच्या थकबाकीचा ईएमआय करून घेतलायस, बँकेला ठरलेला हप्ता ठरलेल्या तारखेला मिळाला की झालं, झबली विकून किती आले हे बँकेला सांगायची गरज नाही. टॅक्सचं पण मनातून काढून टाक, स्वतःच्या घरातले वापरलेले कपडे ही आयकर कायद्यात वैयक्तिक वापराची वस्तू धरतात, ते विकले म्हणून भांडवली नफ्याचा टॅक्स लागत नाही. फक्त दुसऱ्याचे कपडे किंवा सुरतहून लॉट आणून विकायला लागलीस तर तो धंदा झाला, मग नियम वेगळे. आणि ते तू आत्ता करू नकोस असं मी अगदी हात जोडून सांगते, कारण कपडे पटापट गेले की शेजारीपाजारी म्हणतात तुला जमतंय, थोडा माल भर, आणि हप्ते चालू असताना माल भरायला पैसे कुठून येणार तर परत कार्डातूनच.

आता मुख्य प्रश्न, पैसे कुठे घालायचे. माझं स्पष्ट मत आहे की आत्ता एक रुपया पण जास्तीचा कर्जात भरू नकोस. हप्त्याची तारीख येईल तेव्हा खात्यात पैसे असायला हवेत, तुझी सगळी लढाई तेवढ्यावर आहे. एकदा हप्ता चुकला की लेट फी लागते, सिबिलच्या, म्हणजे सगळ्यांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, रिपोर्टमध्ये नोंद होते, आणि त्याहून वाईट म्हणजे महिनाअखेरीला मुलीला ताप आला, डॉक्टर आणि औषधं मिळून दीड हजार झाले आणि हाताशी काही नाही म्हणून कार्ड परत बाहेर निघालं की सगळंच फिसकटतं. कार्डाचं साधं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला 42, त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि मागची बाकी शिल्लक ठेवली की नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. 16 टक्क्यांचं कर्ज हजार-पाचशेने लवकर फेडायच्या नादात 42 टक्क्यांचं नवीन अंगावर घ्यायचं, हा सौदा तोट्याचाच. शिवाय कार्डावरच्या ईएमआयमध्ये असे सुटे पैसे मधेच भरून घेतीलच असं नाही, आणि पूर्ण बंद करायचा तर बऱ्याच ठिकाणी चार्ज लागतो, तुझ्या पत्रात किंवा ईमेलमध्ये तो किती लिहिलाय ते एकदा वाचून ठेव.

म्हणून वेगळं खातं असेल तर त्यात, नाहीतर सरळ डब्यात, कपड्यांचे पैसे टाकत जा आणि एक पूर्ण हप्ता साठेपर्यंत त्यातून फक्त मुलांचं गरजेचं घे. स्टेटमेंट पण नीट बघ, पहिल्या महिन्याच्या हप्त्यात व्याजच 2,400 असतं आणि त्या व्याजावर 432 जीएसटी वेगळा, म्हणजे 6,328 च्या हप्त्याला प्रत्यक्षात 6,760 जातात. पुढे व्याज कमी होत जातं तसा जीएसटी पण कमी होतो. हे माहीत नसलं की चारशे रुपये कमी पडून हप्ता अडकतो, म्हणून सात हजार साठले की मगच निश्चिंत हो.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना विकणं खटकतंय, देणं नाही. आपल्याकडे तर नव्या बाळाला पहिलं झबलं कुणाच्या तरी घरचं जुनं, मऊ झालेलं मागून आणून घालायची पद्धत आहे, म्हणजे कपडे या घरातून त्या घरात जाणं त्यांना काही नवीन नाही. गोण्या उघडायच्या आधी त्यांना बोलव आणि म्हण आई, यातलं काय ठेवायचं आणि कुणाला द्यायचं ते तुम्ही बाजूला काढा. कुंची, दुपटी, बारशाचा ड्रेस ठेवतील, कामवाल्या मावशींच्या नातवाला चार जोड देतील, तेवढं जाऊ दे. उरलेलं विक, आणि ते पैसे हप्त्यासाठी आहेत हे त्यांना मोकळेपणाने सांग, घरात कर्ज आहे हे त्यांना पण माहितीच आहे.

विकण्याचं म्हणशील तर सुटा टीशर्ट विकत बसू नकोस, रस्त्यावर नवा दीडशेला मिळतो तर जुन्याला कोण शंभर देईल आणि कुरियर केलं तर तुझ्या हातात काय राहणार. त्यापेक्षा मापाप्रमाणे गठ्ठे कर, 2 ते 3 वर्षं, मुलगी, रोजचे सहा कपडे, एकच किंमत, घरी येऊन न्या. टॅगवाले वेगळे टाक, त्यांना निम्मी किंमत मागायला हरकत नाही. खरी मागणी असते ती एकदाच घातलेल्या कपड्यांना आणि तिथे सगळा खेळ तारखेचा आहे. बोरन्हाणाचा काळा ड्रेस डिसेंबरच्या शेवटी टाकायचा, संक्रांत झाली की तो रथसप्तमीपर्यंत कसाबसा जातो मग वर्षभर कुणी विचारत नाही. कृष्णाचा ड्रेस गोकुळाष्टमीच्या आधी, वारकऱ्याचं धोतर-टोपी आणि छोटी नऊवारी आषाढीच्या आधी कारण शाळेत दिंडी असते, युनिफॉर्म मे संपताना शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, आणि दिवाळीचे कुर्ते-पायजमे दसऱ्याला. आत्ताच एका कागदावर हे लिहून गठ्ठ्यावर चिकटवून ठेव.

फोटो सकाळी खिडकीजवळ काढ, ट्यूबलाइटमध्ये पांढरा कपडा पिवळा दिसतो. समोरून एक, मापाचं लेबल दिसेल असा एक, आणि कॉलर किंवा गुडघ्याचा जवळून एक, तिथेच झिजतं आणि बघणारी आई तिथेच बघते. केळ्याचा डाग असेल तर लपवू नकोस, तो कितीही धुतलं तरी तपकिरी राहतोच, सरळ लिही डाग आहे आणि तो कपडा गठ्ठ्यात फुकट घाल, तीच बाई पुढच्या मापाला परत येते. इलॅस्टिक हाताने ताणून बघ, सैल झालेलं विकायचं नाही. ते आणि फाटके बाजूला ठेव, बोहारीण येत असेल तर एखादं पातेलं तरी सुटेल.

एक शेवटचं. आता कुणी ना कुणी फोन करून सांगेल की अर्ध्यात सेटल करून देतो, ऐकू नकोस. तसं केलं की रिपोर्टवर सेटल्ड असा शेरा बसतो आणि पुढे घराचं कर्ज मागायला गेलीस की तो आडवा येतो. तू पूर्ण फेडतेयस, शेवटचा हप्ता गेला की बँकेकडून बाकी नसल्याचं पत्र मागून घे. सिबिलचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात खातं बंद दिसतंय का बघ.

प्रश्न : ताई, मी नाशिकची. बाळाचा पाळणा ऑनलाइन 2,500 ला टाकला होता, एकाचा फोन आला की मी मिलिटरीत आहे, गाडी पाठवतो, पैसे आधी देतो, आणि क्यूआर कोड पाठवून म्हणाला स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील. पहिल्यांदा पाच रुपये खरंच आले. आता तो परत स्कॅन करून पिन टाकायला सांगतोय. करू का?

उत्तर : अजिबात नको, आत्ताच्या आत्ता नंबर ब्लॉक कर. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पाच रुपये विश्वास बसावा म्हणून पाठवलेत. चुकून पिन टाकला गेला असेल तर लाजत बसू नकोस, लगेच 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन कर आणि बँकेला कळव, जितक्या लवकर कळवशील तितकी पैसे पुढे जायच्या आत गोठवले जायची शक्यता जास्त. पाळणा जवळच्याच कुणाला दे, माणूस दारात येऊन बघेल, पैसे तुझ्या खात्यात जमा झालेले तुझ्या ॲपमध्ये दिसले की मगच उचलू दे, त्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट धरायचा नाही.