वाचकांचे प्रश्न : पाटणचा शिलालेख, पांझरेचे फड आणि बऱ्हाणपूरच्या कुंड्या

प्रश्न : पाटणादेवीच्या देवळातल्या शिलालेखात मराठी ओळी आहेत असं ऐकलं. त्यात नेमकं काय लिहिलंय? (एक शिक्षिका, चाळीसगाव)

लेख शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे मुख्य ज्योतिषी. (योगी चांगदेव वेगळे, आणि मुक्ताईनगरजवळचं चांगदेवाचं देऊळही वेगळं. हा घोळ फार होतो.) आजोबांचे ग्रंथ, विशेषतः गणित-ज्योतिषावरचा सिद्धान्तशिरोमणी, शिकवले जावेत म्हणून त्यांनी पाटणला मठ काढला. तिथला निकुंभ घराण्यातला राजा सोइदेव याने त्या मठाला दान दिलं.

वंशावळ आणि स्तुती संस्कृतात आहे. देण्याघेण्याची गोष्ट निघाली की लेख मराठीवर येतो. ज्या तेल्याकडून तेल घ्यायचं त्याला श्लोक ऐकवून काय उपयोग!

मराठी भागाचा मतलब असा. पाटणच्या पेठेत जो माल उघडला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे उत्पन्न मिळत होतं, ते मठाला दिलं. नगराने गिऱ्हाइकामागे दामाचा विसोवा, म्हणजे विसावा भाग, लावून दिला. जितके तेलघाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल. आणि शेवटचं कलम माझ्या मते सगळ्यात हुशारीचं : इथे जे मोजायचं ते 'मढीचेनि मापें मवावें', म्हणजे मठाच्याच मापाने मोजावं, आणि मापाचं जे उत्पन्न येईल ते निम्मं मठाला, निम्मं मापाऱ्याला.

आजच्या बाजार समितीतल्या मापाड्याचा विचार करा, म्हणजे कलमाचं मर्म कळेल. मापाऱ्याला ठराविक पगार असता तर चार पोती न मोजता सोडून द्यायला त्याचं काही जात नव्हतं. निम्मा वाटा त्याचाच असल्यावर एकही पोतं तो तसं सोडणार नाही. शिवाय माप मठाचं, म्हणून व्यापाऱ्याला आपलं लहानमोठं माप पुढे करता येत नाही. वसुलीसाठी वेगळा कारकून नेमायला नको, नजर ठेवायला शिपाई नको.

लेख बघायला जाल तेव्हा अक्षरांवर खडू, तेल, शेंदूर काहीही चोळू नका. बॅटरी समोरून न मारता दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूने धरा. उजेड तिरपा पडला की खाचेत सावली उतरते आणि झिजलेलं अक्षरसुद्धा वर येतं.

प्रश्न : आजोबा 'फडाचं पाणी' म्हणायचे. मोटर नाही, मोट नाही, मग शेतात पाणी चढायचं कसं? आणि ही पद्धत प्राचीन का? (शेतकरी, साक्री)

पाणी चढतच नव्हतं, उतरत होतं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांना उतार चांगला आहे. वरच्या अंगाला नदीत दगडी बंधारा घालायचा आणि काठाने कालवा अगदी कमी उताराने न्यायचा. नदी खाली खाली जाते, कालवा जवळजवळ तिथल्या तिथे राहतो. दोन-चार किलोमीटरवर कालवा नदीपेक्षा बराच उंच झालेला असतो, आणि मधली सगळी जमीन भिजण्याजोगी होते. हे कालवे २ ते १२ किलोमीटर लांबीचे. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंगा, म्हणजे शेतापर्यंतचे लहान पाट, आणि जास्तीचं पाणी बाहेर काढायला सांडम. पद्धत तीन-चारशे वर्षांची मानली जाते, तेव्हा प्राचीन म्हणू नका, मध्ययुगाच्या अखेरची म्हणा.

मात्र खरी करामत बांधकामात नाही, वाटपात आहे. भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे आणि एका फडात एकच पीक. एकात ऊस, बाकीच्यांत हंगामी पिकं, आणि दरवर्षी फेरपालट. एक पीक म्हणजे सगळ्या फडाला पाणी एकाच वेळी लागतं, बारीसाठी भांडण राहत नाही. उसाचा पाझर शेजारच्या बाजरीत जाऊन ती पिवळी पडत नाही. राखणीला एक जागल्या पुरतो. पाणी शेतकरी स्वतः धरत नाही, पाटकरी धरतो. स्वतःच्या वाफ्यात घटकाभर जास्त सोडायचा मोह कोणाला होत नाही, असं नाही!

हिशेब करून बघा. कालव्याचा प्रवाह सेकंदाला साधारण ४५० लिटर धरला, तर १२ तासांत १९,४४० घनमीटर पाणी होतं. एका पाळीत ७.५ सेंटिमीटर पाणी द्यायचं तर हेक्टरी ७५० घनमीटर लागतं. म्हणजे १२ तासांत २५-२६ हेक्टर, आणि तेही गळती न धरता. शंभर हेक्टरचा फड भिजवायला दोन दिवस-दोन रात्री. एवढ्या वेळात कोणी मध्येच चारी फोडली तर शेपटाकडच्या माणसापर्यंत पाणी पोचत नाही. म्हणून जागल्या आणि पाटकरी यांना पिकातला वाटा.

पाणी कमी असेल त्या वर्षी गाव अख्खा एक फड कोरडा ठेवायचं. ज्याची थोडी थोडी जमीन सगळ्या फडांत आहे त्याला हे परवडतं. एकाच फडात सगळी जमीन आली की तो माणूस पहिल्यांदा विरोधात जातो. मोडलं ते इथेच. पुढे वरच्या बाजूला धरणं झाली, विहिरींवर पंप बसले, आणि ज्याला स्वतःचं पाणी मिळालं तो गावकीच्या बैठकीला कशाला बसेल?

प्रश्न : अकबराने खानदेशाचं नाव बदललं होतं का? (विद्यार्थी, जळगाव)

हो. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला, खानदेशावरची फारुकी सुलतानांची सत्ता संपली, आणि मुलगा दानियाल याच्या नावावरून सुभ्याला 'दानदेश' म्हणायला सुरुवात झाली. कागदावर चाललं, लोकांच्या तोंडी बसलं नाही.

प्रश्न : आमच्या हेमाडपंती देवळाच्या भिंतीत फटी पडल्या आहेत. गावाने सिमेंट भरायचं ठरवलंय. बरोबर आहे का? (वाचक, शिंदखेडा)

थांबवा. आधी देऊळ संरक्षित आहे का ते पुरातत्त्व खात्याकडे विचारा. असेल तर परवानगीशिवाय हातच लावता येत नाही.

या देवळांत घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेले असतात, भिंत स्वतःच्या वजनावर उभी असते. पुष्कळ ठिकाणी बाहेरचा आणि आतला दगडी थर, मध्ये दगडगोट्यांची भर. फट दिसते भिंतीत, पण दुखणं बहुतेक वर असतं. छतातून पाणी आत शिरतं, भर ओली होऊन बसते, आणि बाहेरचा थर पोट काढतो. त्यावर सिमेंट लावलं की आत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाट बंद. दगडाच्या कडा फुटू लागतात. पहिलं काम छतावरचं गवत आणि माती काढून पाणी वाहून जाऊ देण्याचं. पिंपळ उगवला असेल तर मूळ उपटू नका, त्याच्याबरोबर दगडही येतो.

जाता जाता, 'हेमाडपंती' म्हणजे हेमाद्रीने बांधलेलं, असं नाही. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथचं देऊळ शके ९८२ चं, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं आधीचं.

प्रश्न : बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात मोटरशिवाय पाणी वाहतं ते कसं? (वाचक, रावेर)

१६१५ च्या सुमाराचं हे काम, मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानाच्या वेळचं, इराणी कनात (जमिनीखालचा पाट) पद्धतीचं. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी जिथे आहे तिथे पहिली विहीर. तिथून शहराकडे जमिनीखालून बोगदा, जमिनीच्या उतारापेक्षा कमी उताराचा. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. सगळं कसब एवढ्यातच. ठराविक अंतरावर ज्या कुंड्या दिसतात त्या माती वर काढायला, हवेला आणि नंतर साफसफाईला. अशा शंभराच्या आसपास आहेत.

आज दोन गोष्टी त्याच्या मुळावर आहेत. पाण्यातला चुना बोगद्याच्या भिंतींवर थरावर थर बसून वाट अरुंद करतो. आणि वरच्या बाजूला बोअर झाल्या की पाण्याची पातळी पहिल्या विहिरीच्या खाली जाते. चुना खरवडता येतो. खाली गेलेल्या पाण्यापुढे बोगदा कितीही स्वच्छ असला तरी कोरडाच.