गंधपेशींत एनएमडी थेट गंधग्राहींचे एमआरएनए तोडते का?

एनएमडी म्हणजे सदोष एमआरएनए (जनुकाचा संदेश वाहणारा रेणू) ओळखून तोडणारी पेशीतली व्यवस्था. तिला मदत करणारं यूपीएफ३बी हे प्रथिन नसलेल्या उंदरांत नाकातल्या गंधपेशींमधल्या काही गंधग्राही (वास ओळखणाऱ्या प्रथिनांच्या) जनुकांच्या एमआरएनएचं प्रमाण बदलतं, म्हणजे एनएमडी त्यांचेच एमआरएनए तोडत असावी, असा तुमचा तर्क आहे. बहुतेक गंधग्राहींना तो लागू होत नाही, कारण या जनुकांची रचनाच वेगळी आहे.

एमआरएनए पक्व होताना मधले इंट्रॉन कापले जातात आणि उरलेले एक्सॉन जोडले जातात. या स्प्लायसिंगनंतर एक्सॉनच्या प्रत्येक सांध्याच्या २०-२४ न्यूक्लिओटाइड (आरएनएचे घटक) अलीकडे एक प्रथिनसंकुल बसतं. प्रथिन बनवणारा रायबोसोम पुढे सरकताना ती संकुलं पाडत जातो. स्टॉप कोडॉन (प्रथिन इथे संपवा, अशी खूण) शेवटच्या सांध्याच्या सुमारे ५०-५५ न्यूक्लिओटाइडांहून जास्त आधी आला, तर पुढचं संकुल जागेवरच राहतं आणि यूपीएफ१ या एनएमडीच्या प्रथिनामार्फत एमआरएनए तोडला जातो. गंधग्राहींचा कोडिंग भाग (ज्यावरून प्रथिन बनतं तो) मात्र बहुधा अखंड, शेवटच्या एक्सॉनमध्ये असतो. स्टॉपनंतर सांधाच उरत नाही. छद्मजनुकात (बिघडलेल्या, कामाचं प्रथिन न देणाऱ्या जनुकात) मध्येच स्टॉप आला, तरी त्याचा एमआरएनए या वाटेने एनएमडीच्या तावडीत सहसा सापडत नाही.

मग अनेक ग्राही जनुकांतून एक निवडणाऱ्या पेशीला चुकीची निवड कळते कशी? प्रथिनावरून. ग्राही प्रथिन ईआरमध्ये (पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या पटलजाळ्यात) तयार होऊ लागलं की पर्क हे एन्झाइम प्रथिननिर्मिती सुरू करणाऱ्या ईआयएफ२-अल्फावर फॉस्फेट लावतं, त्यामुळे एटीएफ५ हे जनुकं नियंत्रित करणारं प्रथिन बनतं आणि पुढे निवड पक्की होते. छद्मजनुकाकडून हा संकेत मिळत नाही, मग पेशी दुसरं जनुक निवडू शकते. याच फॉस्फेटमुळे एनएमडीही मंदावते, हे इतर पेशींत दिसलेलं आहे. एटीएफ४ या ताणाला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनाचा एमआरएनए तेव्हा जास्त टिकतो. तुमच्या उंदरांत मी आधी हा अप्रत्यक्ष मार्ग तपासेन.

त्याआधी एक पाहा: मोजमाप अख्ख्या ऊतीचं आहे की एकेका पेशीचं? प्रौढ गंधपेशीत साधारण एकच ग्राही जनुक चालू असतं. त्यामुळे ऊतीत एखाद्या ग्राहीचा एमआरएनए निम्मा दिसला, तर तो वेगाने तुटतोय असं नाही. ते जनुक निवडणाऱ्या पेशीच कमी झालेल्या असू शकतात. हा फरक एकपेशीय अनुक्रमणात (एकेका पेशीतले आरएनए वाचून मोजण्यात) कळतो. त्यातही या जनुकांचं ३′ टोक संदर्भ-जीनोममध्ये अपुरं नोंदलेलं असेल, तर रीड्स (वाचलेले आरएनएचे तुकडे) मोजणीतून गळतात.

क्यूपीसीआरसाठी (एमआरएनएची डीएनए-प्रत वाढवून तो मोजण्याच्या चाचणीसाठी) प्राइमर, म्हणजे वाढ सुरू करणारे छोटे डीएनए-तुकडे, कोडिंग भागात ठेवू नका. तिथे इंट्रॉन नसल्याने डीएनएच्या भेसळीतूनही त्याच लांबीचा तुकडा वाढतो. ५′ भागातल्या सांध्यावर प्राइमर बसवा, डीएनए तोडणारं डीएनेझ वापरा आणि आरएनएची डीएनए-प्रत करणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नसलेला नमुना प्रत्येक वेळी लावा. शिवाय इंट्रॉनचं प्रमाणही मोजा: इंट्रॉन आणि पक्व एमआरएनए सारखेच वाढले, तर बदल बहुधा लिप्यंतरणातला (जनुकावरून आरएनए बनण्यातला), फक्त पक्व एमआरएनए वाढला, तरच स्थैर्याची शंका घ्या. प्रथिननिर्मिती आणि त्यामुळे एनएमडी थांबवणारं सायक्लोहेक्झिमाइड देऊन पडताळत असाल, तर गॅस५ हा एनएमडीने तुटणारा आरएनए वाढलाय ना ते पाहा. या औषधाने फॉससारखी जनुकंही उसळतात, म्हणून केवळ त्या वाढीवरून एखाद्या एमआरएनएला एनएमडीचं लक्ष्य ठरवू नका.