बेल्जियममध्ये पहिला सायक्लोक्रॉस सीझन: सायकल नागपूरहून नेऊ की तिथे घेऊ?

प्रश्न: सप्टेंबरमध्ये शिकायला ल्यूवनला चाललो आहे. तिथल्या हौशी सायक्लोक्रॉस शर्यतींत (चिखल, गवत, वाळूतून सायकल चालवायची आणि अडथळा आला की उतरून, सायकल उचलून पळायचं) उतरायचं आहे. सायकल आणि सामान इथूनच घेऊ का? बजेट एक लाखाच्या आत.

उत्तर:

सायकल तिथे घ्या, जुनी घ्या आणि वाचलेले पैसे टायरला लावा. मीही नागपूरचाच. ल्यूवनला दोन हिवाळे काढले आणि बहुतेक शर्यतींत मागून पहिल्या पाचात आलो, तेव्हा त्या हिशेबानं वाचा.

आपल्याकडे शंकरपटाला गाव लोटतं, तसं तिकडे या शर्यतींना लोटतं. घरोघरी सायक्लोक्रॉसची सायकल असते आणि वाढत्या पोरांना ती दर दोन वर्षांनी लहान पडते, त्यामुळे जुन्या बाजारात माल भरपूर. मी 650 युरोंत अ‍ॅल्युमिनियमची घेतली. कार्बनच्या मागे लागू नका, पहिल्या वर्षी ती आपटणारच आहे.

बघायला गेलात की गिअर नंतर बघा. आधी फोर्क (चाक धरणारा चिमटा) आणि टायर यांच्यातल्या फटीत बोट घाला. दोन्ही बाजूंनी आणि वरूनही बोट सहज फिरलं पाहिजे. कारण तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वावरात सायकल घातली की दहा पावलांत चाकाला लोंदा धरतो, तो फोर्कमध्ये अडकतो आणि चाक फिरायचंच बंद होतं. बेल्जियमचा चिखल आपल्याइतका चिकट नसतो, पण त्यात गवत मिसळतं आणि त्याची दोरीसारखी गुंडाळी चेनमध्ये बसते. म्हणून पुढे पेडलपाशी एकच दातेरी चाकी बरी, 40 दात्यांची, मागच्या चाकाला 11 ते 32 किंवा 11 ते 34 दात्यांच्या चाक्या.

ब्रेक डिस्कचेच घ्या. शर्यतींत त्यांना 2010 मध्ये परवानगी मिळाली. त्याआधीच्या सायकलींना कँटिलिव्हर, म्हणजे दोन्ही बाजूंनी रिम दाबणारे ब्रेक असतात. त्यांच्यातून चिखल छान निसटतो, पण ओल्या रिमवर ते धरतात कमी आणि किंचाळतात जास्त.

आता एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नाही. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिकडे बहुतेक सायकलींना डाव्या. सायक्लोक्रॉसमध्ये अडथळा, म्हणजे वाटेत आडवी लावलेली फळी, आला की उजवा पाय मागून फिरवून डावीकडे उतरायचं असतं. त्या क्षणी उजवा हात फ्रेमच्या दांडीवर गेलेला असतो, ब्रेकवर फक्त डावा. पहिल्याच शर्यतीत मी सवयीनं तो कचकन दाबला, मागचं चाक उचललं गेलं आणि मी फळीच्या अलीकडेच पालथा. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडून दोन्ही ब्रेक अदलाबदल करून घेतले. तुम्ही पहिल्या दिवशीच करून घ्या.

टायर. यूसीआयच्या (सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) शर्यतीत 33 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. गावच्या हौशी शर्यतीत बऱ्याचदा कोणी मोजत नाही, तरी आयोजकाला विचारा. दोन जोड ठेवा, एक मोठ्या गुट्ट्यांचा चिखलासाठी, एक बारीक नक्षीचा कोरड्यासाठी. आणि हवा! रस्त्यावर 90 पीएसआय भरणाऱ्याला 25 ऐकून धडकी भरते. माझं वजन 68 किलो, ट्यूबलेसवर 24-25 ठेवायचो, ट्यूब असेल तर 30च्या वर, नाहीतर मुळीवर आपटून पंक्चर. मोठ्या पंपाचा काटा इतक्या खाली खरं बोलत नाही, म्हणून छोटा डिजिटल गेज घ्या. सगळ्या सामानात पैसे वसूल करणारी हीच वस्तू.

बूट मात्र इथून नेले तरी चालतील. माउंटन बाइकचे, खाली दोन स्क्रूची क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारी पट्टी) बसणारे. रस्त्यावरच्या तीन स्क्रूच्या क्लीटनं चिखलात पळता येत नाही, आणि पळावं तर लागतंच. शिमानोची एसएच-51 घ्या. एसएच-56 नवख्यांना देतात, कारण ती कुठल्याही बाजूनं सुटते, पण खड्ड्यात नको तेव्हाही सुटते. बाटलीचा स्टँड काढून टाका, सायकल खांद्यावर घेताना तो आडवा येतो. शर्यत पाऊण तासाची, पाण्यावाचून कोणी मरत नाही. हातमोजे दोन जोड, कोरडे मोजे आणि थर्मासमध्ये चहा. बस.

उरलेले दोन महिने इथे सराव करा. सेमिनरी हिल्सच्या बाजूला शांत चढ शोधा आणि सायकल खांद्यावर टाकून पळा, आठवड्यातून दोनदा. तिथल्या फळ्या 40 सेंटिमीटरपर्यंत उंच असतात, मैदानात त्याच उंचीवर आडवा बांबू ठेवला की झालं. वाळूसाठी कन्हानचं पात्र उतरल्यावर जा. जड गिअर, वजन मागे, हँडलवरची पकड सैल. बेल्जियमच्या किनाऱ्यावर कोकसायडेला 2012ची सायक्लोक्रॉसची जागतिक स्पर्धा अशाच वाळूत झाली होती. आणि काळी माती हवीच असेल तर धुऱ्याधुऱ्यानं चालवा. मी हिंगण्याकडे मामाच्या वावरात शिरलो होतो, पऱ्हाटीची दीड ओळ तुडवली. मामा अजून दर दिवाळीला विचारतो, ती शर्यत जिंकलास का रे?