जुन्या बीएमडब्ल्यू ई४६ एम३ मध्ये क्लच सोडताना मागून 'ठक्क' आवाज येतो. डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) गेलं का?

बहुधा नाही, आधी गिअरबॉक्सच्या मागची रबरी कपलिंग डिस्क आणि डिफरन्शियलचे बुश (त्याला धरून ठेवणारे रबरी आधार) तपासा. मी अशाच गाड्यांखाली काम करतो. वीस वर्षांत रबर मरतं आणि लोक उगाच डिफरन्शियल उघडतात. गाडी स्टँडवर घ्या, डिस्कच्या बोल्टांभोवती टॉर्च मारा. भेगा असतील तर बदला. नवीन डिस्कवरचे बाण फ्लँजच्या (डिस्क ज्याला बोल्टने जोडतात तो धातूचा तुकडा) पाकळीकडे हवेत, नट नवेच, आणि घट्ट करताना फ्लँजच्या बाजूनेच फिरवा, नाहीतर रबर पिळून बसतं. बुशला टॉमी (लोखंडी पहार) लावून बघा, डिफरन्शियल डुलायला नको. मात्र ई४६ चा मागचा सबफ्रेम (डिफरन्शियल आणि मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बसतो तिथला पत्रा तडकतो. तसं असेल तर बुश बदलून भागत नाही, वेल्डिंग करून पट्ट्या माराव्या लागतात.