त्याला त्याच्या वयाच्या मुलांत बसव

ऐरोली

प्रिय मुली,

अकरा वर्षांचा सीरियाचा मुलगा बर्लिनच्या शाळेत चार महिने तोंडच उघडत नाही, म्हणून नव्या मुलांच्या वेगळ्या वर्गात त्याला आणखी वर्षभर ठेवावं का, असं तू विचारतेस. नको. त्याला त्याच्या वयाच्या मुलांत बसव. जर्मन येत नाही, हे मलाही कळतं.

गप्प आहे म्हणजे शिकत नाही, हे तुला कोणी सांगितलं? नव्या भाषेत पडलेली मुलं कितीतरी दिवस नुसती ऐकतात. तुर्भ्याच्या खाणीवरची वडारांची मुलं माझ्या वर्गात अशीच बसायची. घरी वडारी, शाळेत मराठी. एक मुलगी दिवाळीपर्यंत गप्प होती. मग एक दिवस शेजारणीवर खेकसली, "माझं रबर दे की!" पहिलं वाक्य भांडणाचं! भांडायला बरोबरीचं कुणीतरी लागतं, पोरी. चिल्ल्यापिल्ल्यांत बसवलेलं थोराड पोर भांडत नाही, नुसतं ओशाळतं.

कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलंय की बोलण्यापुरती भाषा साधारण 2 वर्षांत येते, पुस्तकातली यायला 5 ते 7 वर्षं लागतात. मग तू कशाची वाट बघणार? बर्लिनमधली प्राथमिक शाळा सहावीला संपते. पुन्हा नवी शाळा, पुन्हा अनोळखी चेहरे. हातात असलेलं वर्ष घालवू नकोस.

आपल्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम 4 हेच सांगतं: वयानुरूप वर्ग, आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण. आम्ही त्याआधीपासून भांडत होतो. "बाई, तुमच्यामुळे निकाल खाली येतो," असं मुख्याध्यापक म्हणायचे. यायचाही. माझं पर्यवेक्षकपद त्यातच गेलं. ते लागलं, अजून लागतं. पण त्या मुलांना पहिलीत ढकललं असतं तर निम्मी परत खाणीवर दिसली असती. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतेच.

वयाच्या मुलांत बसव म्हणजे वाऱ्यावर सोड असं नव्हे. आधी गणित, चित्रकला आणि खेळाच्या तासांना पाठव, जर्मनचा वेगळा तास चालू ठेव. घरी अरबी बोलू नका, असं त्याच्या आईला चुकूनही सांगू नकोस. आणि मला पुन्हा पत्र लिहीत बसण्याआधी मुख्याध्यापिकेला भेट. जर्मनीने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलीय. त्याचं कलम 22 प्राथमिक शिक्षणात देशातल्या मुलांसारखीच वागणूक द्यायला सांगतं, ते वाचून जा. मुख्याध्यापिका नाही म्हणाल्या, तर ते "नाही" लेखी माग.

तुझ्या बाई