आजीला पाहून तो रडतो, म्हणजे आजी त्याला नको आहे का?

‘ताई, मी ऐरोलीला राहते. माझा मुलगा साडेआठ महिन्यांचा आहे. आत्ताआत्तापर्यंत कुणाच्याही कडेवर जायचा, वॉचमनकाकांकडे बघूनही हसायचा. परवा सोसायटीत त्याचं बोरन्हाण केलं, तर पाटावर बसवताक्षणी असं भोकाड पसरलं की हलव्याच्या दागिन्यांतला एक फोटो धड आला नाही. त्याहून वाईट म्हणजे साताऱ्याहून सासूबाई आल्या आहेत. मी कामावर रुजू झाले की त्याच त्याला सांभाळणार. बारशाला आल्या तेव्हा तो त्यांच्याच मांडीवर झोपायचा. आता त्यांनी हात पुढे केले की माझ्या खांद्यात तोंड खुपसून ओरडतो. “पोराला माणूसघाणं करून ठेवलंय,” असं त्या म्हणाल्या आणि नंतर ओट्यापाशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या. नवरा म्हणतो, द्यायचं तसंच, रडून रडून सवय होईल. फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच असतो, म्हणून असं झालं का? 14 दिवसांनी माझी रजा संपते.’

तुझं पत्र वाचताना मला बाळापेक्षा ओट्यापाशी उभ्या असलेल्या तुझ्या सासूबाईच जास्त दिसत राहिल्या. त्यांच्याकडे येतेच. आधी तुझ्या मनातली बोचणी काढू.

तुझं काही चुकलेलं नाही. पहिल्या सहा महिन्यांत बाळ तुझा वास, तुझा आवाज ओळखतं, पण माणसांची आपली आणि परकी अशी वाटणी त्यानं अजून केलेली नसते. सातव्या-आठव्या महिन्यात तुझा चेहरा त्याच्या मनात पक्का बसतो, आणि मग जो चेहरा त्याच्याशी जुळत नाही तो त्याला खुपतो. त्याच सुमाराला ते रांगायला लागतं, म्हणजे आपल्या पायांनी तुझ्यापासून लांब जाऊ शकतं. अशा वेळी अनोळखी माणसाची धास्ती वाटणं त्याच्या भल्याचंच आहे. रेने स्पिट्झ या मानसतज्ज्ञांनी गेल्या शतकात याला ‘आठव्या महिन्याची भीती’ असंच म्हटलं होतं. वर्षाच्या आसपास ती चढलेली असते, मग हळूहळू उतरते आणि दोन वर्षांचं होईतो बहुतेक मुलांची बरीच ओसरते.

फ्लॅटचाही दोष नाही. माझी मुलगी नौपाड्यात अकरा माणसांच्या घरात वाढली. तरी नवव्या महिन्यात माझे वडील खोपटच्या एसटी स्टँडवरून घरी आले, त्यांची पांढरी टोपी आणि जाड चष्मा पाहून तिनं टाहो फोडला. त्यांनी टोपी काढली, तरी तेच. मग त्यांनी तिला घ्यायचा नादच सोडला. परातीत तांदूळ घेऊन, तिच्याकडे पाठ करून, ते खाली बसून निवडायला लागले. तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती रांगत गेली आणि तिनं परातीत हात घातला. ते काही बोलले नाहीत, फक्त परात जरा तिच्याकडे सरकवली. संध्याकाळी ती त्यांच्या मांडीवर होती.

मला सांगायचं आहे ते एवढंच: बाळाला कुणाकडे देऊ नका, त्याला जाऊ द्या.

मोठं माणूस टाळ्या वाजवत, ‘ये ये’ करत, थेट डोळ्यांत बघत अंगावर आलं की बाळ घाबरतं. तेच माणूस खाली बसलेलं, बाजूला बघणारं, हातात काहीतरी काम असलेलं असेल तर बाळालाच कुतूहल वाटतं. सासूबाईंना मटार सोलायला, मेथी निवडायला तुमच्याजवळ खाली बसू दे. बाळ तुझ्या मांडीवर, त्या दोन हातांवर. त्यांनी त्याच्याशी नाही, तुझ्याशी बोलायचं.

आणि इथे तुझा चेहरा फार महत्त्वाचा आहे. 1985 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं. पुढे काचेखाली खोलगट भाग दिसायचा, आणि पलीकडे आई उभी. आईनं आनंदी चेहरा केला तेव्हा 19 पैकी 14 बाळं काच ओलांडून गेली. भ्यालेला चेहरा केला तेव्हा 17 पैकी एकही गेलं नाही. बाळ घाबरलं की आधी आईकडे बघतं आणि तिच्या चेहऱ्यावरून ठरवतं. सासूबाई हात पुढे करतात तेव्हा ‘आता हा रडणार, आता त्या बोलणार’ म्हणून तुझा श्वास अडकत असेल, खांदे ताठ होत असतील. ते त्याला तुझ्या कडेवर बसून कळतं. हा दोष देत नाही, कुणाचंही तसंच होईल. पण तू त्यांच्याशी मनापासून हसलीस, त्यांच्या हातावर हात ठेवलास, तर त्याला कुणी न सांगता समजेल की ही बाई आपल्यातली आहे.

नवऱ्याचं म्हणणं मात्र मला पटत नाही. रडून रडून बाळ गप्प होतं ते थकून. आजीच्या हातात गेलं की आई जाते, एवढंच त्यातून ते शिकेल.

आता सासूबाई. पाच तासांचा प्रवास करून, आपलं घर-शेजार मागे ठेवून त्या आल्या आहेत, आणि ज्याच्यासाठी आल्या तोच तोंड फिरवतो. ‘माणूसघाणं’ हा शब्द त्या दुखावलेपणातून आला आहे, तो मनावर घेऊ नकोस. त्यांना एकटीला बसवून सांग, ‘आई, तो तुम्हाला नाही म्हणत नाहीये. बारशाला त्याला कुणीच परकं नव्हतं, आता कळायला लागलंय. एकदा तुमचा लळा लागला की मलाच जड जाईल.’ दृष्ट काढायची म्हणाल्या तर मीठ-मोहऱ्या ओवाळू दे. त्यांच्या जिवाला बरं वाटेल. फक्त धूर आणि मिरच्या बाळाच्या तोंडापाशी नकोत.

14 दिवस पुरतील. पहिले तीन-चार दिवस नुसतं जवळ बसणं. मग तू समोर असताना मऊ भात त्यांनी भरवायचा, अंघोळीला पाणी त्यांनी घालायचं. त्यांच्या पदराआडून बुवा-कूक करायला सांग. गेलेला चेहरा परत येतो हे बाळ याच खेळात शिकतं. दुसऱ्या आठवड्यात तू खाली भाजीला जा, दहा मिनिटांसाठी. मग अर्धा तास, मग दुपार. मागच्या मागे सटकू नकोस. टाटा करून, तो रडला तरी जा. लपून गेलीस तर तू न्हाणीघरात गेलीस तरी तो दारापाशी येऊन बसेल.

एक गोष्ट माझ्या मनात खदखदते. कायद्यानं मिळणारी 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपते ती बहुधा या भीतीच्या उंबरठ्यावर. तू शिल्लक रजा जोडलीस, म्हणून तुझं कामावर जाणं ऐन भीतीच्या भरात आलं आहे, त्यात तुझा काय इलाज होता? तुझ्या ऑफिसात 50 किंवा जास्त माणसं असतील तर कायद्यानुसार पाळणाघराची सोय त्यांनी द्यायची असते आणि दिवसातून चार वेळा तुला तिथे जाता येतं. विचारून ठेव, पुढे कामी येईल.

बाळ तुमच्याही चेहऱ्याकडे बघत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल किंवा येत असलेले आवाज काढायचं थांबलं असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखव. तुझ्या पत्रात तसं काही नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल करू नकोस. स्क्रीनवर तू दिसशील आणि हाताला लागणार नाहीस, तो पुन्हा रडेल. साधा फोन सासूबाईंना कर. आणि बाळानं किती खाल्लं हे विचारायच्या आधी, त्या जेवल्या का ते विचार.